चिमणरावांचा ठावठिकाणा कळवावा : प्रसार भारतीस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती, नवी दिल्ली
मा. महासंचालक, दूरदर्शन, नवी दिल्ली
मा. केंद्रप्रमुख, मुंबई दूरदर्शन केंद्र, वरळी

विषय : ‘चिमणराव’ ही मालिका व मुंबई दूरदर्शनवरील सुरुवातीच्या काळातील विनोदी कार्यक्रम यांची सूची, जतन आणि पुनःप्रसारण यांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शन केंद्राने चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली ‘चिमणराव’ ही मालिका प्रक्षेपित केली. दिलीप प्रभावळकर त्यात चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. या मालिकेचे किती भाग आज आपल्या संग्रही आहेत, ते कोणत्या अवस्थेत आहेत आणि सामान्य प्रेक्षकाला ते क्रमाने व सलग पाहायला कधी मिळतील, एवढे तीन प्रश्न विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हेच प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करूनही विचारता आले असते, परंतु त्याचे उत्तर एका अर्जदाराच्या फायलीत जाऊन पडले असते. हा विषय माझ्या एकट्याचा नाही, म्हणून चारचौघांसमक्ष विचारणे मला अधिक योग्य वाटते.

ज्यांचा जन्म रंगीत दूरदर्शनच्या काळात झाला त्यांना आणि आपल्या कार्यालयातील तरुण अधिकाऱ्यांना या मालिकेचे महत्त्व ऐकून ठाऊक असेल, पाहून नव्हे. म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिल्यामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. चिमणराव हे मूळचे पुण्याचे पात्र, पण पुणेकरांच्या घरात ते वरळीहून निघून सिंहगडमार्गे आले, ही गंमत त्या काळीही आमच्या वाड्यात बोलून दाखवली जात असे. वाड्यात टीव्ही एकच, मालकांच्या ओसरीवर. त्याला लाकडी सरकत्या झडपा होत्या आणि त्यांना कुलूप लावण्याची सोयही होती. मालिकेच्या वेळी झडपा उघडत, भाडेकरूंची पोरे सतरंजीवर पुढे, बायका उंबऱ्याशी आणि पुरुषमंडळी मागे भिंतीला टेकून, अशी बैठक आपोआप जमे. ज्यांचे भाड्यावरून मालकांशी बोलणे बंद होते तेही त्या अर्ध्या तासापुरते येऊन बसत. येताना ते मालकांना नमस्कार करत नसत आणि जाताना हसू आवरत जात.

चिमणराव, म्हणजे चिंतामण धोंडदेव जोग, हे कारकुनी पेशाचे, काटकुळे, भिडस्त आणि स्वतःच्या हुशारीविषयी जरा जास्तच खात्री बाळगणारे गृहस्थ. पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू, आणि कोणत्याही प्रसंगात सोटा घेऊन धावून येणारा नात्यातला गुंड्याभाऊ, असा त्यांचा संसार. चिं. विं.नी ही माणसे १९३०च्या सुमारास उभी केली, ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ या पुस्तकांतून ती घरोघर गेली. १९४० आणि १९४२ साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ आणि ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ही जोडी साकारली होती. तेव्हा दूरदर्शनने हात घातला तो चार दशके जुन्या आणि लोकांनी आधीच आपल्या मानलेल्या साहित्याला. अशा साहित्यावर मालिका करणे सोपे वाटते, प्रत्यक्षात ते फार अवघड असते, कारण प्रत्येक वाचकाच्या मनात चिमणरावांचा चेहरा आधीच ठरलेला असतो. तो पुसून तिथे दुसरा चेहरा बसवणे प्रभावळकरांना साधले, आणि तेही असे, की पुढे पुस्तक वाचणाऱ्यांनाही तोच चेहरा दिसू लागला. त्या वेळी ते जेमतेम तिशी ओलांडलेले होते, हे आज सांगितले तर पटत नाही.

या मालिकेने मनाला जो निवांतपणा दिला तो नेमका कशाने दिला, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. लहानपणी पाहिले म्हणून गोड वाटते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. लहानपणी पाहिलेल्या इतर कितीतरी गोष्टी आज पुन्हा पाहिल्या तर पाच मिनिटांत कंटाळा येतो. चिमणरावांच्या बाबतीत कारण रचनेतच आहे. चिमणराव आपली फजिती स्वतः सांगतात. ज्याची फजिती झाली तोच ती सांगत असल्यामुळे हसणाऱ्याच्या मनात अपराधी भाव उरत नाही. त्यांच्या कथांमध्ये खलनायक नसतो. संकट येते ते बहुधा चिमणरावांच्या एखाद्या सद्हेतूतूनच येते : कोणाचे तरी भले करायचे, काटकसर करायची, एखादा सद्गुण अंगी बाणवायचा. ‘स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग’ ही कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. खरे बोलण्याचा संकल्प करणारा माणूस किती जणांना दुखावतो आणि स्वतः किती ठिकाणी तोंडघशी पडतो, हे त्यात इतक्या निरागसपणे येते, की वाचून झाल्यावर आपणही थोडे कमी खरे बोलावे असे वाटू लागते.

शिवाय या फजितीला एक मर्यादा आहे. चिमणरावांची नोकरी जाता जाता राहते, अब्रू थोडी सांडते पण पूर्ण जात नाही, गुंड्याभाऊ प्रकरण बिघडवतो पण सोडून जात नाही, आणि संध्याकाळी काऊ टोमणा मारून का होईना, पान वाढते. घरातल्या माणसांचे एकमेकांवाचून चालत नाही, ही गोष्ट कोणी भाषण करून सांगत नाही, ती गृहीत असते. आणीबाणी नुकतीच उठली होती, महागाई होती, घासलेटच्या रांगा होत्या, आमच्या घरात तर वडिलांच्या नोकरीचेही खात्रीचे नव्हते. अशा दिवसांत पडद्यावरचा एक कारकून दर वेळी पडतो, धूळ झटकतो आणि पुढच्या खेपेला तितक्याच आत्मविश्वासाने नव्या खड्ड्याकडे निघतो, हे पाहून मोठी माणसे का हसत होती, ते मला स्वतः संसाराला लागल्यावर कळले.

प्रभावळकर व कर्वे यांच्या अभिनयातली एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवतो, कारण पुस्तकात ती नाही आणि टेप नष्ट झाली तर ती कायमचीच जाईल. ती गोष्ट म्हणजे थांबणे. समोरच्याने अपमान केल्यावर चिमणराव लगेच उत्तर देत नसत. आधी तो अपमान आहे की कौतुक, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला दिसे, मग कौतुकच असावे असा निष्कर्ष निघे, आणि त्या निष्कर्षाचे समाधान ओठांवर येते न येते तोच शेजारी उभ्या गुंड्याभाऊच्या मिशा थरथरू लागत, कारण त्याला अपमान कळलेला असे. दोन माणसांत मिळून एकच प्रतिक्रिया, तीही एक शब्द न उच्चारता. स्टुडिओतले नेपथ्य साधे, भिंत हलली तर कळावी असे, कॅमेरे मोजके. नाटकातून आलेल्या, तालमीची सवय असलेल्या नटांनी हा थांबा पकडला होता आणि दिग्दर्शकाने तो कापला नव्हता. आजच्या विनोदी कार्यक्रमांत अशा क्षणी मागून भोंगा वाजतो आणि हसायचे कधी ते प्रेक्षकाला सांगितले जाते. मला त्याचा राग नाही, पण कीव जरूर येते.

काही वर्षांपूर्वी घरातल्या आजारपणाच्या निमित्ताने मला रुग्णालयात रात्री काढाव्या लागल्या. बाहेरच्या बाकावर बसून वेळ जावा म्हणून मी चिं. विं.चे एक जुने पुस्तक नेले होते. वाचताना लक्षात आले, की मी वाचत नसून ऐकत होतो. प्रत्येक वाक्य प्रभावळकरांच्या त्या किंचित अनुनासिक, समजावणीच्या सुरात येत होते. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ होते, नागपूरकडचे. पुस्तकाचे नाव पाहून त्यांनी हळूच विचारले, ‘‘हे टीव्हीवर यायचं ते ना?’’ त्यांनी मालिका पाहिलेली नव्हती, कारण त्या काळी त्यांच्याकडे मुंबईचे प्रक्षेपण पोहोचतच नव्हते, सुट्टीत मामाकडे आले की मामेभावंडे नकला करून दाखवत तेवढेच त्यांना ठाऊक होते. त्या नकलांच्या आठवणीवर आम्ही दोघे बराच वेळ हसलो, आणि शेवटी परिचारिकेने बाहेर येऊन दटावले. पाहिलेल्या माणसाला आणि न पाहिलेल्या माणसालाही एवढा आधार देणारी वस्तू सरकारी गोदामात आहे की नाही, एवढेही कोणी खात्रीने सांगू नये, हे मला पटत नाही.

येथे एक तुलना करणे भाग आहे. २००१मध्ये प्रभावळकर पुन्हा एका घरगुती विनोदी मालिकेत आले, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. तीत ते आबा होते, राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांचे कुटुंब होते, केदार शिंदे यांचे दिग्दर्शन होते. तीही मूळ लिखाणावर, म्हणजे प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर बेतलेली होती. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या मराठी माणसाला लहानपणची आवडती मालिका विचारा, टिपऱ्यांचे नाव हटकून येईल. सिंगापुरात किंवा न्यू जर्सीत राहणारी मुले जेवताना आबांचे भाग लावतात, हे मी माझ्याच नात्यात पाहतो. तिचा निवांतपणाही चिमणरावांच्याच जातीचा : खलनायक नाही, भाग त्या त्या दिवशी संपतो, आणि घरातली माणसे चुकतात पण वाईट नसतात. मात्र टिपरे खासगी वाहिनीवर झाले आणि त्यांचे भाग आज फोनवर पाहता येतात. त्यांचे वडीलधारे चिमणराव सार्वजनिक वाहिनीवर, लोकांच्या पैशातून झाले आणि त्यांच्यासाठी लोकांना शोधाशोध करावी लागते. व्यवहार खरे तर उलटा असायला हवा होता.

आता या मागणीला घाई का, ते सांगतो. ‘चिमणराव’ प्रक्षेपित झाले तेव्हा घरोघर व्हीसीआर नव्हते. ते यंत्र मध्यमवर्गाच्या घरात शिरले १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास आणि त्यानंतर, म्हणजे रंगीत प्रक्षेपणासोबत. त्यामुळे पुढच्या काळातील मालिकांच्या बाबतीत कोणा हौशी प्रेक्षकाच्या माळ्यावर एखादी कॅसेट सापडण्याची जी आशा असते, ती येथे जवळजवळ नाही. प्रत असेल तर ती आपल्याकडेच असेल. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होत्या आणि एकदा प्रक्षेपण झाले की तीच टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरणे ही जगभरच्या केंद्रांची रीत होती. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही तेच केले, आणि ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या सर्वांत लाडक्या मालिकेचे अनेक जुने भाग त्यात गेले. परंतु पुढे त्यांनी काय केले हे पाहण्याजोगे आहे. कोणते भाग आहेत आणि कोणते नाहीत याची यादी उघड झाली, लोकांना शोधायला सांगितले गेले, आणि २०१३मध्ये नायजेरियातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रातून नऊ हरवलेले भाग परत मिळाल्याचे जाहीर झाले. काय हरवले हे माहीत होते, म्हणून शोधता आले. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हेच प्रेक्षकाला माहीत नाही, मग शोधणार काय?

टेप पुसली गेली नसली तरी ती स्वस्थ बसत नाही. चुंबकीय टेपवरचा थर ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो ते दमट हवेत हळूहळू फुटते. मग टेप यंत्रावर चढवली की ती चिकटते, कुरकुरते, थराची तपकिरी भुकटी यंत्राच्या हेडवर साचते आणि चित्रात आडव्या रेघा पडू लागतात. अशी टेप मंद उष्णतेत काही तास भाजून घेतली तर तात्पुरती चालण्याजोगी होते आणि तेवढ्या अवधीत तिची प्रत काढावी लागते. वरळीच्या समुद्रकाठी ही अडचण किती वाढत असेल, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यातून जुन्या दोन इंची किंवा पाऊण इंची टेप वाजवणारी यंत्रे आता कोणी बनवत नाही, ती दुरुस्त करू जाणणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहालयाने २०१५मध्येच इशारा दिला होता, की २०२५पर्यंत ज्या टेपांच्या अंकीय प्रती निघणार नाहीत त्या बहुतेक कायमच्या गमवाव्या लागतील. २०२५ साल सरलेले आहे. माझ्या पत्राला उत्तर देण्याआधी एखादी टेप वाचवता येणार असेल, तर कृपया आधी टेप वाचवावी.

कायद्याची अडचण पुढे केली जाईल, अशी मला शंका आहे, म्हणून तिचाही विचार करून ठेवला आहे. चिं. वि. जोशी २१ नोव्हेंबर १९६३ रोजी निवर्तले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे चिं. विं.चे ते सारे लेखन १ जानेवारी २०२४पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. मूळ कथांच्या परवानगीचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. पटकथा, संगीत आणि कलावंतांचे करार यांचे प्रश्न असतील, ते असतील तर सोडवावेत, आणि पुनःप्रसारणाचे मानधन कलावंतांना किंवा त्यांच्या वारसांना द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फुकटात पाहायला मिळावे हा माझा हट्ट नाही. प्रसार भारती कायदा, १९९० मधील कलम १२ मध्ये आकाशवाणी व दूरचित्रवाणी साहित्याचे ग्रंथालय उभारून ते राखण्याचा उल्लेख महामंडळाच्या कामांतच आहे. म्हणजे मी नवे काही मागत नाही.

ओघात आले म्हणून सांगतो. चिमणरावांना जन्म देणारे चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे विद्वान होते आणि बडोदे संस्थानाचे राजदफ्तरदार होते. जुनी कागदपत्रे लावून ठेवणे, त्यांच्या याद्या करणे आणि मागेल त्याला ती दाखवणे हे त्यांचे रोजचे काम होते. त्यांच्याच मानसपुत्राचे दफ्तर गहाळ व्हावे, यावर त्यांनी एक उत्तम चिमणरावी कथा लिहिली असती आणि तीत दफ्तरखान्याची किल्ली बहुधा गुंड्याभाऊकडे सापडली असती.

या मागणीवर एक आक्षेप माझ्याच ओळखीतल्या काही जाणत्या मंडळींनी घेतला आहे आणि तो मला डावलायचा नाही. चिमणरावांचे जग अरुंद आहे, ते म्हणतात : पुण्याच्या पेठांतले, एका जातीच्या निम्न मध्यमवर्गाचे, ज्यात बायकांनी टोमणे मारावेत आणि पुरुषांनी उपद्व्याप करावेत. हे खरे आहे. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या विनोदाची मराठी मुख्यतः शहरी आणि एका वर्गाची होती, आणि त्या अर्ध्या तासाने सगळ्या महाराष्ट्राला सारखाच दिलासा दिला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु यावरचा उपाय ‘चिमणराव’ धूळ खात ठेवणे हा नाही, बाकीचेही सारे बाहेर काढणे हा आहे. याकूब सईद आणि बबन प्रभू यांचा ‘हास परिहास’, विनायक चासकरांचा ‘गजरा’, ज्यात पुढे नाव काढलेल्या कितीतरी नटांनी आपली पहिली छोटी प्रहसने केली, लोककलावंतांना बोलावून केलेले कार्यक्रम, ‘आमची माती, आमची माणसं’मधून येणारी गावोगावची बोली, हे सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहता आले, तरच त्या काळच्या महाराष्ट्राला कशाचे हसू येत होते आणि कोणाला त्या हसण्यात जागा नव्हती, हे नीट कळेल. टेपच नसेल तर टीकाही ऐकीव राहते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शिलालेख, ताम्रपट, पोथ्या यांवर आता काम होईल, ते झालेच पाहिजे. पण पन्नास वर्षांपूर्वीची बोलती मराठी, तिचे हेल, तिचे थांबे, तिचा खोचकपणा, कोणत्याही पोथीत नाही. तो या टेपांवर आहे. दिल्लीतील अधिकाऱ्यांना मराठीचा कळवळा नसेल तर तो त्यांचा दोष मानत नाही, परंतु महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाने या कामाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवून प्रसार भारतीशी बोलावे, अशी विनंती याच पत्राने त्या विभागालाही करीत आहे.

मालिका मिळाली तर ती कशी दाखवावी, याबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण जुन्या कार्यक्रमांचे हाल जतन झाल्यावरही थांबत नाहीत. चौकोनी चित्र ताणून रुंद पडद्याला बसवू नये, त्यात काटकुळे चिमणराव जाडे दिसतील आणि निम्मी गंमत जाईल. कृष्णधवल चित्राला यंत्राकडून रंग चढवून घेऊ नये. वाहिनीचे बोधचिन्ह नटांच्या चेहऱ्यावर येईल एवढे मोठे नको. मध्येच भाग तोडून ‘सर्वोत्तम क्षण’ असे तुकडे करू नयेत, कारण वर सांगितलेला तो थांबा तुकड्यात पहिल्यांदा कापला जातो. प्रत्येक भागासोबत प्रथम प्रक्षेपणाची तारीख आणि पडद्यामागच्या सर्वांची नावे द्यावीत : लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, नेपथ्य, रंगभूषा. त्या नावांपैकी बहुतेक कोणालाच ठाऊक नाहीत, आणि त्यांच्यापैकी जे हयात असतील त्यांना ती पडद्यावर पाहता यावीत, हा त्यांचा हक्क आहे. ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांसाठी मराठी शब्दपट्टी हवी, आणि मराठी बोलू शकणाऱ्या पण वाचू न शकणाऱ्या परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजीही.

नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यात आपण ‘वेव्ज’ हे स्वतःचे व्यासपीठ सुरू केले, सह्याद्री वाहिनी यूट्यूबवरही आहे, तेव्हा जागेचा प्रश्न नाही. तरीही माझी एक वेगळी सूचना आहे. भाग सापडतील तेवढे एकदम ओतून देऊ नयेत. सह्याद्रीवर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक भाग दाखवावा आणि नंतर तो कायमचा उपलब्ध ठेवावा. या मालिकेचा स्वभावच आठवड्याचा आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने जुनी ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवली तेव्हा ठरलेल्या वेळी घरातली तीन पिढ्यांची माणसे एकत्र बसली होती, हे आपण पाहिले आहेच.

राहता राहिली प्रेक्षकांची मदत. भाग मिळाले नाहीत तरी सगळे संपले असे नाही. त्या काळी टीव्हीसमोर कॅसेट रेकॉर्डर ठेवून आवाज टिपणारे हौशी लोक होते. कोणाकडे संहितेच्या चक्रमुद्रित प्रती असतील, कोणाकडे तालमीची छायाचित्रे, कोणाकडे कलावंताला आलेले केंद्राचे पत्र. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी आज ध्वनिमुद्रित करता येतील, पाच वर्षांनी कदाचित नाही. केंद्राने जाहीर आवाहन करावे, साहित्य स्वीकारण्यासाठी एक खिडकी उघडावी, आणलेल्या वस्तूची पोच द्यावी आणि प्रत काढून मूळ वस्तू परत करावी. शेवटची अट महत्त्वाची आहे. सरकारी कार्यालयात दिलेली वस्तू परत मिळते असा विश्वास बसला, तर लोक पेट्या उघडतील.

२७ ऑक्टोबर हा जगभर दृक्‌श्राव्य वारसा दिन म्हणून पाळला जातो. येत्या त्या दिवसापर्यंत ‘चिमणराव’ आणि वर उल्लेखिलेल्या कार्यक्रमांची यादी मुंबई केंद्राने प्रसिद्ध करावी, ही माझी पहिली आणि तातडीची विनंती आहे. यादीत चार रकाने पुरतील : भागाचे नाव, प्रक्षेपणाची तारीख, टेपचा प्रकार, सद्यःस्थिती. काही भागांपुढे ‘पुसला गेला’ किंवा ‘आढळत नाही’ असा शेरा लिहावा लागेल, तो निःसंकोच लिहावा. ज्या भागांपुढे ‘उपलब्ध’ असे असेल त्यांच्या प्रती काढण्याचे वेळापत्रक त्याच पानावर खाली द्यावे, आणि त्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम व संपर्काचा पत्ताही द्यावा, म्हणजे पुढचे पत्र कोणाला लिहायचे ते आम्हाला कळेल.

कळावे,

आपला नम्र,
मुंबई दूरदर्शनचा एक जुना प्रेक्षक
पुणे

प्रत माहितीसाठी : सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई